संत पॅट्रिकची शंका

माझ्या टेबलाच्या खणात एक कॅसेट आहे. तिच्यावर निळ्या शाईने 'आई, मे २००३' एवढेच लिहिलेले आहे. ती वाजविण्याचे यंत्र आता कुणाच्या घरी राहिलेले नाही; म्हणून मध्यंतरी धर्मग्रामातील एका तरुणाने तिच्यातील आवाज संगणकावर उतरवून दिला. तरीही ती कॅसेट टाकून देणे मला जमलेले नाही. ती भरली वसईत, आमच्या घराच्या ओटीवर. परंतु तिची हकीगत सुरू होते आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात.

२००२ साली मी रोममध्ये मिशनशास्त्राचा विद्यार्थी होतो. गुरुदीक्षा होऊन पाच वर्षे झाली होती. श्रद्धा आणि लोकसंस्कृती यांचे नाते हा माझ्या प्रबंधाचा विषय होता, आणि त्यावर द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजांतील उतारे मी धडाधड तोंडपाठ म्हणू शकत असे. रोममध्ये शिकणारे आपल्याकडील अनेक धर्मगुरू उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपातील एखाद्या धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून जातात. तेथील प्रमुख धर्मगुरूंना थोडी विश्रांती मिळते, आपल्या गाठीला अनुभव येतो आणि पुढील वर्षाच्या पुस्तकांचा खर्चही सुटतो. माझ्या वाट्याला क्लेअरमधील एक लहानसे गाव आले. एका बाजूला अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूला दगड रचून केलेली कुंपणे आणि त्यांतून चरणारी गुरे. पाऊस तर असा, की आपल्या श्रावणानेही त्याच्याकडून धडे घ्यावेत.

मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी चर्चशेजारच्या जुन्या शाळेत अमेरिकेतील एका महाविद्यालयाचे आठ विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक उतरले. आयरिश पारंपरिक संगीत आणि केल्टिक लोककथा हा त्यांचा अभ्यासविषय होता. चार आठवडे हिंडायचे, ऐकायचे, वाजवायचे आणि रात्री वहीत लिहायचे, असा त्यांचा अभ्यासक्रम. संध्याकाळी चहाला आले असता मी प्राध्यापकांना विचारले, "संगीताच्या ध्वनिमुद्रिका मिळतात, लोककथांची पुस्तके मिळतात; मग त्यासाठी एवढा समुद्र ओलांडून कशाला यायचे?" ते हसले आणि म्हणाले, "फादर, उद्या आमच्याबरोबर या."

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपून मी त्यांच्या गाडीत बसलो. आम्ही मिल्टाऊन मालबे ह्या गावी गेलो. ह्या गावचा विली क्लॅन्सी हा सुतारकाम करणारा गृहस्थ इलिन पाइप्स ह्या वाद्याचा थोर वादक होता. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि त्याच वर्षी त्याच्या चाहत्यांनी त्याच्या नावाने उन्हाळी संगीतशाळा सुरू केली. दरवर्षी जुलैमध्ये ती भरते. त्या आठवड्यात सारे गावच शाळा होते. शाळागृहांत वर्ग, सभागृहांत वर्ग, लोकांच्या बैठकीच्या खोल्यांतूनही वर्ग.

इलिन पाइप्स म्हणजे कोपराचा पावा. 'इलिन' ह्या आयरिश शब्दाचा संबंध कोपराशी आहे. वादक खाली बसतो. उजव्या कोपराखालच्या भात्याने वारा भरतो, डाव्या कोपराखालची पिशवी दाबून तो वारा पाव्यात सोडतो, आणि तोंड मोकळेच राहते. आपल्या सनईवाल्यासारखे गाल फुगवावे लागत नाहीत. सूर मात्र असा, की कुणीतरी रडू आवरीत बोलत आहे असे वाटावे.

तो शिकणे मला शक्यच नव्हते. मी सहा छिद्रांची पत्र्याची शिट्टी विकत घेतली आणि नवशिक्यांच्या वर्गात जाऊन बसलो. माझ्या एका बाजूला नऊ वर्षांचा एक मुलगा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेहून आलेली एक विद्यार्थिनी. तिने स्वरलेखनाची सुबक वही उघडली. शिक्षक म्हणाले, "वही मिटा. आधी कान उघडा." मग त्यांनी एका जिगचा लहानसा तुकडा वाजविला. आम्ही तो वाजविला. पुन्हा त्यांनी, पुन्हा आम्ही. एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, अशी त्या चालींची साधी बांधणी. तासाभरात चाल बोटांत बसली. (माझ्या बोटांत ती कशी बसली, हे त्या नऊ वर्षांच्या मुलालाच विचारावे.) मला माझ्या आजीने शिकविलेली रोझरी आठवली. तीही कुणी पुस्तकातून शिकविली नव्हती.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चाल शिकवून झाली की शिक्षक ती आपल्याला कुणाकडून मिळाली, हे सांगत. ती अमक्या बाईंकडून आली, त्यांना त्यांच्या काकांनी दिली. रात्री पबमध्ये वादक गोल करून बसत. त्याला ते सेशन म्हणतात. तेथेही चाल संपली की कुणीतरी हळूच विचारी, "ही कुणाची?" उत्तरादाखल एका माणसाचे नाव येई, बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचे. मिस्सेत आपण मृतांची नावे घेतो, तसेच हे मला वाटले.

ह्या नावांत जॉनी डोरान हे नाव वारंवार येई. हा भटक्या जमातीचा पाइपवादक; घोड्याच्या गाडीत संसार घेऊन जत्रांतून आणि शर्यतींतून वाजवीत फिरणारा. तरुण विली क्लॅन्सीवर त्याच्या वादनाचा खोल ठसा उमटला होता. १९४७ साली आयरिश लोकसाहित्य आयोगाचे केव्हिन डॅनाहर यांनी डब्लिनमध्ये त्याचे थोडे वादन तबकड्यांवर मुद्रित केले. पुढच्याच वर्षी एक भिंत त्याच्या गाडीवर कोसळली आणि तो जायबंदी झाला. १९५० मध्ये वारला. त्या मोजक्या तबकड्यांपलीकडे त्याचा आवाज कुठेही उरलेला नाही. एक वर्ष उशीर झाला असता तर? हा प्रश्न विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारला, आणि कुणीच काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात लोककथांचा भाग सुरू झाला. सुरुवातीलाच प्राध्यापकांनी बजावले की, 'केल्टिक' हे आधी एका भाषाकुलाचे नाव आहे. १७०७ साली एडवर्ड लुइड ह्या विद्वानाने आयरिश, वेल्श, ब्रेटन अशा भाषांचे नाते मांडले, तेव्हापासून तो शब्द ह्या अर्थाने रूढ होत गेला. जुन्या आयरिश शेतकऱ्याने स्वतःला कधी केल्ट म्हटले नसेल. तो आपल्या गावाचे आणि आपल्या विहिरीचे नाव सांगे.

ती विहीर आम्ही पाहिली. लिस्कॅनर गावाजवळ संत ब्रिजिडची विहीर आहे. एका अरुंद, ओलसर दगडी बोळातून आत जावे लागते. दोन्ही बाजूंना जपमाळा, चिंध्या, संतांच्या मूर्ती, आजारी मुलांची छायाचित्रे, कुबड्या. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणारे आपले लोक मला त्या बोळात दिसू लागले. वाटेत प्राध्यापकांनी लाटून येथील एका काटेरी झुडपाची गोष्ट सांगितली. ते पऱ्यांचे झुडूप अशी लोकांची समजूत. १९९९ साली नवा महामार्ग त्याच्यावरून जाणार होता. एडी लेनिहन ह्या कथाकथनकाराने वर्तमानपत्रांतून आवाज उठविला आणि अखेर झुडूप राखून रस्ता करण्यात आला. विद्यार्थी हसले. मीही हसलो, पण आमच्या गावात रस्ता रुंद करताना जुना क्रूस हलवायची वेळ आली, तेव्हा काय झाले होते ते आठवून माझे हसू लवकरच थांबले.

त्या धर्मग्रामात ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई रोज सकाळच्या मिस्सेला येत. त्या काँसर्टिना वाजवीत. दोन्ही हातांत धरून उघडमीट करायची ती षट्कोनी पेटी क्लेअरमधील स्त्रियांची आवडती. एके दुपारी आजीबाईंनी विद्यार्थ्यांना घरी बोलाविले आणि मलाही आग्रह केला. चहा झाला, केक झाला, दोन रील वाजवून झाले. मग एका विद्यार्थ्याने विचारले, "तुम्ही लहान असताना नाच कुठे होत असत?"

त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले. म्हणाल्या, "फादर, राग मानू नका." आणि सांगू लागल्या. त्या तेरा-चौदा वर्षांच्या असतानाची गोष्ट. त्यांच्या स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमले होते, वडील वाजवीत होते, दोन जोड्या फरशीवर नाचत होत्या. दार उघडले आणि हातात काठी घेतलेले तेथील धर्मगुरू आत आले. ते काही फार बोलले नाहीत. त्यांनी फक्त प्रत्येकाचे नाव उच्चारले. लोक मान खाली घालून निघून गेले. वडिलांनी काँसर्टिना पेटीत ठेवला, पेटी माळ्यावर चढविली, आणि सात वर्षे ती खाली काढली नाही. "ते फादर चांगले होते हो," आजीबाई म्हणाल्या. "माझी आई आजारी पडली तेव्हा वादळात चालत आले होते. पण ती सात वर्षे गेली ती गेलीच."

हा इतिहास मी नंतर नीट वाचला. १९२५ मध्ये आयरिश बिशपांनी नृत्यगृहांतील अनिष्ट गोष्टींविषयी एक निवेदन काढले होते आणि ते चर्चमधून वाचले जाई. त्यांचा रोख परदेशी नाचांवर होता. देशी नाचांना त्यांची हरकत नव्हती. १९३५ मध्ये सरकारने कायदा केला की, न्यायालयाच्या परवान्यावाचून सार्वजनिक नृत्य भरविता येणार नाही. कायद्याची भाषा सार्वजनिक जागांची होती. परंतु त्याचा बडगा ठिकठिकाणी घरच्या आणि चौकातल्या साध्यासुध्या नाचांवरही पडला, आणि तो उगारण्यात आमचे गुरुबंधू मागे नव्हते. त्याआधीची शतके पाहिली तर मयताच्या घरी स्त्रियांनी गाऊन आक्रोश करण्याची प्रथाही धर्मपरिषदांनी पुन्हा पुन्हा निषिद्ध ठरविली होती.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्लेअरमधील किल्फेनोराचा प्रसिद्ध वाद्यवृंद आपले मूळ १९०९ पर्यंत नेतो, आणि त्याच्या आरंभी चर्चसाठी पैसा उभा करण्याकरिता भरविलेले नाच आहेत. ल्यूक डॉनेलन नावाच्या धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी आर्मा आणि लाउथ ह्या भागांतील गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. तेथील बोली लोपली, पण ते आवाज राहिले. म्हणजे झग्याच्या एका खिशात कुलूप होते, दुसऱ्यात किल्ली होती.

पण त्या दुपारी हे काहीच मला ठाऊक नव्हते. मी खाली पाहत बसलो होतो. वातावरण हलके करावे म्हणून आजीबाईंनी विचारले, "फादर, तुमच्या देशात लग्नाला काय गातात?"

विद्यार्थ्यांनी वह्या उघडल्या. मी तोंड उघडले आणि माझ्या ध्यानात आले की मला एकही गाणे पुरते येत नाही. का येत नाही, तेही त्याच क्षणी आठवले.

१९९८ साल. माझ्या चुलत बहिणीचे लग्न. आदल्या रात्री ओटीवर गावच्या बायका बसल्या होत्या. एका बाजूला मुलीकडच्या, दुसऱ्या बाजूला शेजारच्या आळीतल्या. एक बाजू आमच्या बोलीत एक ओळ गाई, दुसरी बाजू तिला उत्तर देई. व्याह्यांची थट्टा चालली होती आणि थट्टेत थोडा चावटपणाही होता. वर्षभरापूर्वीच गुरुदीक्षा झालेला मी पुढे झालो. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला माणूस किती गंभीर असतो, हे वाचकांपैकी ज्यांच्या घरी धर्मगुरू आहे त्यांना सांगावयास नको. मी म्हणालो, "उद्या पवित्र संस्कार आहे. ही गाणी आता पुरे. चांगली भक्तिगीते म्हणा." आणि छापील कागद वाटले. कुणी वाद घातला नाही. त्यांनी कागद घेतले, चष्मे शोधले आणि भक्तिगीते म्हटली. त्या बायकांत माझी आई होती. काठी माझ्या हातात नव्हती एवढेच. त्यानंतर आमच्या आळीत मी हजर असलेल्या लग्नात ती गाणी कुणी म्हटली नाहीत, आणि पुढे त्यांच्या जागी ध्वनिक्षेपक आला.

आजीबाईंना मी हे सारे सांगितले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी काँसर्टिना उचलला आणि वडिलांनी सात वर्षांनंतर पहिल्यांदा वाजविलेली चाल वाजविली. उपदेश केला नाही.

ऑगस्टच्या आरंभी प्रमुख धर्मगुरू परतले. रोमला जाण्यापूर्वी मी दोन दिवस त्या विद्यार्थ्यांबरोबर डब्लिनला गेलो. तेथील विद्यापीठात १९३५ मध्ये स्थापन झालेल्या लोकसाहित्य आयोगाचा संग्रह आहे. आयोगाचे संग्राहक सायकलींवरून खेडोपाडी जात. मेणाच्या नळकांड्यांवर म्हाताऱ्यांच्या गोष्टी उतरवून घेत आणि घरी येऊन शब्दशः लिहून काढीत. पैसा अपुरा असल्यामुळे लिहून झाले की नळकांडे तासून पुन्हा वापरीत. त्यामुळे शब्द राहिले, आवाज बहुतेक गेले. शेजारी दुसरा मोठा संग्रह होता, तो मुलांनी केलेला. १९३७ ते १९३९ ह्या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील सुमारे ५०,००० मुलांनी आपल्या आजीआजोबांकडून गोष्टी, औषधे, म्हणी, विहिरींच्या आणि दुष्काळाच्या आठवणी विचारून लिहिल्या होत्या. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. त्यांच्या नातवंडांनी सांगितलेले ह्या मुलांनी टिपले. आमच्यातील एका विद्यार्थिनीची पणजी क्लेअरमधून अमेरिकेला गेलेली. त्या गावच्या शाळेचे हस्तलिखित उघडून तिने एक पान वाचले आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तेथेच प्राध्यापकांनी आम्हांला संत पॅट्रिकची गोष्ट सांगितली. सुमारे १२०० सालच्या सुमारास रचलेल्या एका आयरिश ग्रंथात ती आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'वृद्धांशी संवाद' असा होतो. फिन मॅकूलच्या वीरांपैकी उरलेला कैल्ते हा वृद्ध योद्धा संत पॅट्रिकला भेटतो आणि जुन्या काळच्या कथा ऐकवितो. संताला त्या फार गोड लागतात. मग त्याच्या मनात शंका येते: ह्या कथा ऐकण्यात माझी प्रार्थना तर चुकत नाही ना? तेव्हा त्याचे दोन रक्षक देवदूत येतात. ते त्याला ऐकणे थांबव म्हणून सांगत नाहीत. त्या कथा लिहून ठेवावयास सांगतात, कारण पुढच्या पिढ्यांना त्यांतून आनंद मिळणार आहे.

अर्थात ही कथा मठांत बसून लिहिणाऱ्यांनीच रचिली असणार. परंतु म्हणूनच ती मला भिडली. संत पॅट्रिकला शंका आली आणि तो थांबला. मला शंकाच आली नव्हती.

रोमला पोहोचल्यावर मी आईला फोन केला. म्हटले, "ती लग्नातली गाणी आठवतात का?" चारचौघांत मला फादर म्हणणारी आई हसली आणि घरच्या नावाने हाक मारून म्हणाली, "तूच तर नको म्हणाला होतास." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी, मे २००३ मध्ये, घरी आलो तो टेपरेकॉर्डर घेऊनच. आई ओटीवर बसली. तिने अकरा गाणी म्हटली. काही पुरी, काही अर्धी. मधेच थांबे आणि म्हणे, "ह्याला उत्तर द्यायला समोर बाई पाहिजे. एकटीचे गाणे नाही हे." उत्तर देणाऱ्यांपैकी दोघी त्या पाच वर्षांत गेल्या होत्या. कॅसेटवर तशा जागी नुसती शांतता आहे. मागे विहिरीवरच्या पंपाचा आवाज आणि एक कावळा. २००६ मध्ये आई गेली. तिच्या मयताच्या दिवशी मी भक्तिगीतेच गायिलो, आणि ती मनापासून गायिलो. त्यांत काही कमी होते असे मला म्हणायचे नाही. दोन्हींना घरात जागा होती, एवढेच मला उशिरा कळले.

२०१७ साली युनेस्कोने त्या लोकसाहित्य आयोगाचा संग्रह जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला आणि त्याच वर्षी इलिन पाइप्सच्या वादनालाही मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. बातमी वाचली आणि मला ती मुलांची हस्तलिखिते आठवली. पुढच्या वर्षी मी आमच्या दृढीकरणाच्या वर्गातील मुलामुलींना एकेक वही दिली. सांगितले, "आजीला विचारा. ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत लिहा. शुद्ध करू नका. आणि तिला ते कुणाकडून मिळाले, तेही लिहा." काही वह्या कोऱ्या आल्या, काहींत सिनेमाची गाणी आली. पण काही भरून आल्या.

त्यांपैकी एका वहीत, दुसऱ्या पाड्यावरच्या एका आजीने सांगितलेले गाणे होते. वाचता वाचता मी थांबलो. आईच्या कॅसेटवर जेथे कावळ्याचा आवाज आहे, त्या जागी बसणारे उत्तर ते होते. शब्द थोडे निराळे होते, पण ठेका तोच. मी त्या आजींच्या घरी गेलो आणि आईचा आवाज त्यांना ऐकविला. त्यांनी डोळे मिटले, आईची ओळ संपू दिली, आणि मग उत्तर दिले.

माझ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी आजी, आत्या, मावशी अजून आहे. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर तिच्याशेजारी बसा. हल्ली कॅसेटही लागत नाही. खिशातला फोन पुरतो. आणि ती जर म्हणाली की, "नको बाबा, फादर रागावतील," तर तिला सांगा, फादरांनीच विचारायला सांगितले आहे.